शेवटची पेनल्टी कोणाची असते?

अलिऊ सिसेची गोष्ट इंटरनेटवर शोधली की ती बहुतेक वेळा एकाच साच्यात सापडते. २००२ साली सेनेगलचा कॅप्टन असताना त्याने आफ्रिका कपच्या फायनलमध्ये शेवटची पेनल्टी चुकवली. वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच देशाचा कोच म्हणून त्याने तोच कप जिंकला, आणि तोही पेनल्टी शूटआउटमध्येच. इंग्रजी मथळ्यांमध्ये 'रिडेम्प्शन' हा शब्द ठरलेला. मराठीत कोणी लिहिलं असतं तर 'प्रायश्चित्त' किंवा 'पांग फेडले' असं काहीतरी आलं असतं. रील बनवायला तर हा तयार माल आहे. आधी जुनं धूसर फुटेज, मान खाली घातलेला सिसे. मग एचडीमधला सिसे, लांब जटा, डोळ्यांत पाणी, खांद्यांवर उचललेला. मागे व्हायोलिन.

मला ही गोष्ट आवडते, खोटं कशाला बोलू. पण त्या 'प्रायश्चित्त' शब्दापाशी मी दरवेळी अडखळते. प्रायश्चित्त पापाचं घेतात. एका माणसाने चेंडूला लाथ मारली, दुसऱ्याने तो अडवला. यात पाप नेमकं कुठे आहे? आणि पाप नसेल, तर वीस वर्षं तो माणूस काय वागवत होता?

आधी तो दिवस नीट बघू. १० फेब्रुवारी २००२, मालीची राजधानी बामाको. समोर कॅमेरून, म्हणजे आदल्या वेळचे विजेते. सेनेगल त्याआधी कधीच फायनलला पोचलेलं नव्हतं. नव्वद मिनिटं गोल नाही, एक्स्ट्रा टाइममध्येही नाही. मग पेनल्टी. शूटआउटचा निकाल ३-२ असा आहे, आणि त्यात सगळं गणित आहे. सेनेगलने पाच किक मारल्या, त्यातल्या तीन वाया गेल्या. सिसेची किक या तिनांपैकी एक, फक्त शेवटची. ती आत गेली असती तरी कप मिळत नव्हता. स्कोअर ३-३ झाला असता आणि शूटआउट पुढे चालू राहिलं असतं.

म्हणजे हिशोबाने बघितलं तर त्याच्या वाट्याला पराभवाचा एक तृतीयांश भाग येतो. फार तर. त्यात कॅमेरूनच्या कीपरचं कौशल्य आहे, एकशेवीस मिनिटांत एकही गोल न करू शकलेले फॉरवर्ड आहेत. शिवाय सिसे बचावात्मक मिडफिल्डर. गोल करणं हे त्याचं काम कधी नव्हतंच, दुसऱ्यांना गोल करू न देणं हे होतं. पण तो कॅप्टन होता आणि त्याचा नंबर शेवटी आला. बाकी दोघांची नावं आता फुटबॉलचे किडे सोडून कोणाला आठवत नाहीत. सिसेचं आठवतं.

पेनल्टी शूटआउट ही माझ्या मते जगातली सगळ्यात कार्यक्षम दोष-यंत्रणा आहे. अकरा माणसांनी दोन तास जे मिळून केलं किंवा मिळून केलं नाही, ते सगळं गाळून, आटवून, शेवटी एका माणसाच्या बुटाच्या टोकावर आणून ठेवायचं. आणि तो क्षण स्लो मोशनमध्ये पुन्हा पुन्हा दाखवायचा. आपल्याकडे हे काम शेवटचा चेंडू करतो. १९८६ साली शारजात जावेद मियाँदादने चेतन शर्माला शेवटच्या चेंडूवर सिक्स मारला. पुढच्याच वर्षी नागपुरात याच चेतन शर्माने वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक घेतली. आता सांगा, चेतन शर्मा म्हटलं की तुमच्या घरातल्या मोठ्यांना आधी काय आठवतं?

तत्त्वज्ञानात या प्रकाराला एक नाव आहे: 'मॉरल लक', नैतिक नशीब म्हणू. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ साली यावर जोडीने निबंध मांडले. योगायोग असा की सिसेचा जन्मही १९७६ चाच. मुद्दा साधा आहे. दोन माणसं दारू पिऊन गाडी चालवत घरी निघतात. एकाच्या रस्त्यात कोणी येत नाही, तो घरी जाऊन झोपतो. दुसऱ्याच्या चाकाखाली लहान मूल येतं. दोघांचा निष्काळजीपणा तितकाच, पण एक सकाळी चहा पितो आणि दुसरा तुरुंगात असतो, आणि आपल्याला ते बरोबरही वाटतं. मग आपण शिक्षा कशाला देतोय? त्याने केलेल्या गोष्टीला, की रस्त्यात मूल होतं या गोष्टीला?

पण विल्यम्सचं दुसरं उदाहरण मला जास्त छळतं. त्याचा लॉरी ड्रायव्हर दारू प्यायलेला नाही. ब्रेक ठीक, वेग ठीक, काहीही चूक नाही. तरी मूल मध्ये येतं आणि जातं. विल्यम्स म्हणतो, या ड्रायव्हरला जे वाटेल ते रस्त्याकडेला उभं राहून बघणाऱ्या माणसाला वाटणार नाही. आपण त्याला समजावू की बाबा रे, तुझी काही चूक नव्हती, आणि ते खरंच असेल. पण त्याने ते लगेच, सहज मान्य केलं, खांदे उडवून पुढे निघाला, तर आपल्यालाच त्याची भीती वाटेल. म्हणजे दोष नसतानाही काहीतरी त्याचं असतं. विल्यम्सने त्याला इंग्रजीत एक जडसा जोडशब्द केला आहे.

आपल्याला तेवढी खटपट करायची गरज नाही. मराठीत घरात ग्लास फुटला तर तीन वाक्यं शक्य असतात. 'मी ग्लास फोडला.' 'ग्लास फुटला.' आणि 'माझ्या हातून ग्लास फुटला.' पहिलं वाक्य कबुलीजबाब आहे. दुसरं बातमी आहे, त्यात माणूसच नाही. तिसरं या दोन्हींच्या मधलं आहे: मला ते करायचं नव्हतं, पण हात माझा होता. 'हातून' या एका शब्दात हेतू नाकारला जातो आणि नातं मात्र कबूल होतं. सिसेच्या त्या किकबद्दल 'त्याने मॅच घालवली' हे खोटं आहे. 'मॅच गेली' हेही अपुरं आहे. ती त्याच्या पायून गेली. (असा प्रयोग मराठीत नाही, पण फुटबॉलसाठी तेवढी सूट घेते.)

हे सगळं फक्त एका मॅचबद्दल असतं तर मी इथेच थांबले असते. पण सिसेच्या आयुष्यातलं २००२ हे साल फेब्रुवारीत संपलं नाही.

त्या मे महिन्यात सेनेगल पहिल्यांदाच वर्ल्ड कप खेळलं. ३१ मे रोजी सोलमध्ये उद्घाटनाच्या मॅचमध्ये त्यांनी जगज्जेत्या फ्रान्सला १-० हरवलं. ज्या देशाने सेनेगलवर राज्य केलं तो देश, आणि सेनेगलच्या टीममधली जवळजवळ सगळी मुलं फ्रान्सच्याच क्लबांमधून खेळणारी. सिसे स्वतः नऊ वर्षांचा असताना फ्रान्सला गेला आणि पॅरिसच्या उपनगरात, शांपिन्यी-स्युर-मार्नमध्ये वाढला. त्या वर्ल्ड कपमध्ये सेनेगल क्वार्टर फायनलपर्यंत पोचलं आणि तुर्कस्तानविरुद्ध गोल्डन गोलवर हरलं. कॅप्टनला इंग्लंडच्या बर्मिंगहॅम सिटीने घेतलं. देशात हे सगळे हिरो झाले.

मग २६ सप्टेंबर.

सेनेगलचा नकाशा उघडून बघा. मधोमध गांबिया नावाचा एक चिंचोळा देश पाचरीसारखा घुसलेला आहे. त्याच्या दक्षिणेला कासामान्स हा सेनेगलचाच प्रदेश, पण राजधानी डकारपासून तुटलेला. तिथलं मुख्य शहर झिगिंशोर, म्हणजे सिसेचं जन्मगाव. १९८२ पासून तिथे फुटीरतावादी संघर्ष चालू, रस्ता लांबचा आणि धोक्याचा, मध्ये परकी सीमा. म्हणून डकारला जायचं तर लोकांचा भरवसा जहाजावर. 'ल जोला' हे सरकारी मालकीचं, नौदलाने चालवलेलं फेरी जहाज. वर्षभर दुरुस्तीसाठी बंद होतं, त्याच सप्टेंबरात पुन्हा सुरू झालं होतं. शाळा-कॉलेजं उघडायची वेळ. विद्यार्थी परत निघाले होते, बायका डकारच्या बाजारात विकायला आंबे आणि पामतेल घेऊन निघाल्या होत्या. जहाजाची क्षमता साधारण ५८० माणसांची. त्या दिवशी त्यावर एकोणीसशेच्या आसपास माणसं होती. नेमका आकडा आजही वादात आहे.

रात्री अकराच्या सुमारास गांबियाच्या किनाऱ्यापासून दूर, वादळात, जहाज काही मिनिटांत उलटं झालं. पहिली मदत पोचली ती आसपासच्या मच्छीमारांच्या होड्यांची. सरकारी मदत दुसऱ्या दिवशी आली. ६४ माणसं वाचली, त्यात बाई एकच. अधिकृत मृतांचा आकडा १,८६३. टायटॅनिकवर साधारण पंधराशे माणसं गेली होती, तिच्यावर सिनेमा आहे, गाणं आहे, आणि आपल्या शाळेच्या प्रश्नमंजुषेत ती असतेच. ल जोलाचं नाव मी पंचविशी ओलांडेपर्यंत ऐकलं नव्हतं.

त्या जहाजावर सिसेच्या नात्यातली दहाहून जास्त माणसं होती. एकही परतलं नाही.

आता आधीचा तो प्रश्न परत विचारा: हे कोणाच्या हातून झालं? तिपटीहून जास्त माणसं चढू दिली कोणी? जहाजाची अवस्था माहीत असून सोडलं कोणी? मदत दुसऱ्या दिवसापर्यंत का आली नाही? दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले, पुढे पंतप्रधानांनाही काढलं गेलं. पण २००३ मध्ये सेनेगलच्या सरकारी वकिलांनी तपास बंद केला, कारण जबाबदारी जहाजाच्या कप्तानावर निश्चित झाली होती आणि कप्तान जहाजाबरोबर बुडाला होता. मेलेल्यावर खटला चालत नाही. मृतांमध्ये फ्रेंच नागरिकही होते, म्हणून फ्रान्समध्ये वेगळा तपास वर्षानुवर्षं चालला. तोही परकीय राष्ट्राच्या अधिकाऱ्यांना असणाऱ्या कायदेशीर संरक्षणावर येऊन थांबला आणि २०१८ मध्ये संपला. एकाही माणसाला शिक्षा झाली नाही.

एकाच वर्षात, एकाच देशात, दोन कप्तान. एकाच्या नावावर पेनल्टी, दुसऱ्याच्या नावावर १,८६३ मृत्यू. या दोन गोष्टी शेजारी ठेवणं कदाचित असभ्य आहे, खेळ कुठे आणि मरण कुठे. पण यंत्रणा तीच चालताना दिसते. शेवटी ज्याचा पाय किंवा ज्याचा हात होता त्याच्यापाशी सगळं गोळा करायचं, म्हणजे मागची रांग मोकळी होते.

मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे या यंत्रणेवर एक उतारा शोधलेला आहे. त्याला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. सर्व्हर पडला, पेमेंट अडकली, डेटा उडाला की नंतर एक डॉक्युमेंट लिहायचं, आणि त्यात कोणाचंही नाव घ्यायचं नाही. 'अमुकने चुकीची कमांड चालवली' असं लिहायचं नाही. अशी कमांड चालू शकते अशी सिस्टिम का होती, हा प्रश्न विचारायचा. ही पद्धत मला मनापासून पटते. माणसं घाबरली की लपवतात, लपवलं की पुढचा सर्व्हर पडतो. ल जोलाचा तपास असा झाला असता तर? तिकीट खिडकी, धक्का, नौदल, मंत्रालय, प्रत्येक पायरीवर 'इथे हे कसं शक्य झालं' असं विचारलं गेलं असतं तर कप्तानापाशी येऊन थांबायला कोणाला जमलं नसतं.

पण या पद्धतीची एक बाजू मला फार उशिरा दिसली. दोनेक वर्षांपूर्वी एका रात्री आमच्याकडे मोठा आउटेज झाला. एका मुलाने रात्री दोनला एक कॉन्फिगरेशन बदललं होतं. नियमानुसारच, रिव्ह्यू होऊन. नंतरचा रिपोर्ट आदर्श होता. 'कॉन्फिगरेशन बदलण्यात आलं.' 'अलर्ट उशिरा आला.' कुठल्याच वाक्यात माणूस नाही. मॅनेजर खूश, सगळ्यांनी त्या मुलाला सांगितलं, टेन्शन घेऊ नको, सिस्टिमचा प्रॉब्लेम होता. तो दोन दिवस गप्प होता. मग टपरीवर चहा घेताना म्हणाला, "त्या रिपोर्टमध्ये मी कुठेच नाहीये गं." तक्रार होती ती. आम्ही त्याचा दोष काढून घेतला होता, इथवर ठीक. पण त्याबरोबर ती रात्रही त्याच्याकडून काढून घेतली होती. त्याला 'तू फोडलास' ऐकायचं नव्हतं. 'फुटला' हेही पुरत नव्हतं.

आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत तर उलटंच होतं. 'सिस्टिम' हा शब्द अंगावर पांघरूण घ्यायला फार छान आहे. कप्तानाचा एकट्याचा दोष नाही म्हणून सगळ्यांचा, सगळ्यांचा म्हणून कोणाचाच नाही. ल जोलाच्या प्रकरणात या दोन्ही पळवाटा वापरल्या गेल्या असं मला वाटतं. न्यायालयापुढे एकटा मृत कप्तान, आणि भाषणांमध्ये 'राष्ट्रावर कोसळलेलं संकट'.

मग मधला रस्ता कोणता? यावर मला सिसेची कोच म्हणून केलेली कामगिरी पेनल्टीच्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगी वाटते. कोच हे पद मुळात विचित्र आहे. मैदानात एक पाऊल ठेवायचं नाही, चेंडूला पाय लावायचा नाही, आणि हरलं की आपण हरायचं. म्हणजे दोष कोणाचा हे मॅचनंतर शोधायच्या ऐवजी मॅचआधीच एका माणसाने सही करून ठेवायची. जे तुमच्या पायून होईल ते माझ्या हातून झालं असं धरा.

सिसेने ही सही मार्च २०१५ मध्ये केली. आधीचा कोच आलँ जिरेस फ्रेंच. २००२ च्या टीमचा ब्रूनो मेत्सूही फ्रेंच. आफ्रिकेतल्या फेडरेशन कोच युरोपातून आणतात आणि स्थानिक माणसाला 'सध्यापुरता' ठेवतात, ही जुनी रीत. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये ३२ संघांच्या कोचमध्ये सिसे एकटा कृष्णवर्णीय होता. त्याचा फुटबॉल बघायला फार सुंदर नव्हता, हेही सांगायला हवं. इतके चांगले फॉरवर्ड असताना हा माणूस इतका जपून का खेळवतो, म्हणून सेनेगलमध्ये त्याच्यावर सतत टीका झाली आणि त्यातली बरीच रास्त होती. शेवटी बचावात्मक मिडफिल्डरच तो.

२८ जानेवारी २०१७, गॅबनमधलं फ्रान्सव्हिल. आफ्रिका कपची क्वार्टर फायनल, समोर पुन्हा कॅमेरून. पुन्हा ०-०, पुन्हा शूटआउट. सेनेगलची पाचवी किक सादिओ मानेची, म्हणजे संघातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूची. ती अडवली गेली. कॅमेरून ५-४ ने जिंकलं. पंधरा वर्षांपूर्वी जो मैदानावर होता तो आता टचलाइनवर उभा राहून तेच बघत होता. त्याला काय वाटलं असेल याची कल्पना करायचा मोह मी टाळते. दिसतं ते एवढंच की मानेकडे पेनल्टी पुढेही येत राहिल्या. २०१९ च्या आफ्रिका कपमध्ये त्याने केनियाविरुद्ध एक चुकवली, युगांडाविरुद्ध आणखी एक. सेनेगल तरी फायनलला पोचलं.

त्या फायनलचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अल्जीरियाचा कोच जामेल बेलमादी. जन्म २५ मार्च १९७६. सिसेचा २४ मार्च १९७६. दोघंही शांपिन्यी-स्युर-मार्नच्याच गल्ल्यांमध्ये वाढलेले. कैरोमध्ये दुसऱ्याच मिनिटाला अल्जीरियाच्या बूनेजाने मारलेला चेंडू सेनेगलच्या डिफेंडरच्या अंगाला लागून उंच उडाला आणि कीपरच्या डोक्यावरून आत पडला. १-०, आणि शेवटपर्यंत तेवढंच. एका डिफेंडरच्या पायाचा कोन थोडा वेगळा असता तर आज एका उपनगरातल्या दोन मुलांच्या गोष्टी अदलाबदल होऊन सांगितल्या गेल्या असत्या.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये, नशिबाने याहून विचित्र रूप घेतलं होतं. सेनेगल आणि जपान: गुण सारखे, गोल सारखे, आपसातली मॅच २-२. मग नियमाप्रमाणे पिवळी कार्डं मोजली गेली. जपानची चार, सेनेगलची सहा. सेनेगल बाहेर. वर्ल्ड कपमध्ये असं पहिल्यांदाच घडलं, आणि या नियमाचं नाव 'फेअर प्ले'. गंमत अशी की तिकडे जपान पोलंडविरुद्ध एका गोलने मागे असताना शेवटची दहाएक मिनिटं चेंडू आपापसात फिरवत उभं होतं, कारण हरून पुढे जाता येतं हे त्यांना कळलं होतं. प्रेक्षक हुर्यो उडवत होते. शिस्तीचं बक्षीस त्यांना मिळालं. सिसे नंतर म्हणाला तो आशय असा: नियम आहे, मान्य केला पाहिजे, पण कार्ड मिळू नये म्हणून सांभाळून खेळा असं मी पोरांना सांगू शकत नाही. त्याने रेफ्रीचं नाव घेतलं नाही, ज्यांना कार्डं मिळाली त्यांचंही नाही. 'सिस्टिम'चंही नाही.

६ फेब्रुवारी २०२२. यावुंडे, म्हणजे कॅमेरूनचीच राजधानी. समोर इजिप्त. सातव्या मिनिटाला सेनेगलला पेनल्टी. माने आला, आणि इजिप्तच्या गाबास्कीने ती अडवली. त्यानंतर दीडशे मिनिटांसारखी वाटणारी जवळजवळ दोन तासांची मॅच, ०-०, आणि शूटआउट. सेनेगलच्या यादीत पाचवं नाव परत सादिओ माने. कोचला मान्य नसेल तर अशा यादीत नाव राहत नाही. त्याच दिवशी एक चुकवलेला, २०१७ ला हीच पाचवी किक चुकवलेला माणूस. तो आला, मारली, आत. ४-२. सेनेगलचा पहिला आफ्रिका कप.

सगळे इथे रडतात, मीही रडले. पण प्रामाणिकपणे विचार करा, ती किक गाबास्कीने अडवली असती तर? हाच निर्णय 'हट्टीपणा' ठरला असता आणि सिसे वीस वर्षांत काही न शिकलेला माणूस. निर्णय एकच, नाव मात्र कीपरच्या उडीवर अवलंबून. माझं म्हणणं आहे की तो निर्णय किक आत जायच्या आधीच बरोबर होता. ज्याच्या हातून गेलं त्याच्याच हातात परत द्यायचं, यात क्षमा आहे पण विसर नाही. 'तुझी काही चूक नव्हती' असं सांगून त्याला रिपोर्टमधून पुसलं गेलं नाही, आणि बाहेरही बसवलं नाही.

पण मग हिशोब दुसऱ्या बाजूनेही पुरा करावा लागतो, आणि तिथे मला जरा त्रास होतो. २००२ चा पराभव सिसेचा नव्हता म्हणायचं असेल तर २०२२ चा विजयही तेवढाच त्याचा नाही. यावुंडेच्या त्या शूटआउटमध्ये सेनेगलच्या बुना सारची पेनल्टी अडवली गेली होती. आठवतंय कोणाला? तीही तितकीच वाईट होती, किंवा तितकीच चांगली. फक्त ती शेवटची नव्हती आणि इजिप्तच्या दोन चुकल्या. त्याच्यावर कोणी लेख लिहिला नाही, आणि हे त्याचं भाग्य. पुढच्याच महिन्यात वर्ल्ड कपच्या पात्रतेसाठी सेनेगल-इजिप्त पुन्हा भिडले, पुन्हा शूटआउट, पुन्हा सेनेगल जिंकलं. मोहम्मद सालाह किक मारायला आला तेव्हा प्रेक्षकांमधून त्याच्या चेहऱ्यावर हिरव्या लेझरचे झोत मारले जात होते. त्याची किक बारवरून गेली. फिफाने नंतर सेनेगलच्या फेडरेशनला दंड केला. तो विजयही सिसेच्याच खात्यात आहे. रीलमध्ये हा भाग नसतो.

कतारच्या त्या वर्ल्ड कपला पाचही आफ्रिकन संघांचे कोच आफ्रिकन होते, पहिल्यांदाच. कॅमेरूनचा होता रिगोबेर साँग, म्हणजे २००२ ला बामाकोत समोरच्या संघाचा कॅप्टन. सिसेसारख्यांना 'सध्यापुरतं' ठेवायची रीत थोडी तरी मोडली ती अशी. हे श्रेय मात्र मला त्याला द्यावंसं वाटतं, कारण हे एका किकमध्ये झालं नाही. अनेक वर्षं लागली.

जानेवारी २०२४, आयव्हरी कोस्ट. गतविजेतं सेनेगल ग्रुपच्या तिन्ही मॅच जिंकून, साँगच्या कॅमेरूनला ३-१ हरवून पुढे आलं. मग यजमानांविरुद्ध १-१, आणि शूटआउट. सेनेगलच्या मूसा नियाखातेची किक खांबाला लागली. ४-५. तो नुकताच संघात आलेला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सिसेचा करार वाढवला गेला नाही. कारण निकालांचं होतं. त्याच्या जागी आला पाप थियाव, २००२ च्या त्याच टीममधला त्याचा सहकारी. सिसे पुढच्या वर्षी लिबियाला गेला, जिथे यादवीमुळे देशाच्या संघाला वर्षानुवर्षं स्वतःच्या गावात मॅच खेळता येत नव्हती.

नियाखाते सेनेगलकडून खेळत राहिला. ल जोला अजून गांबियाच्या समुद्रात तळाशी आहे. ते वर काढा अशी मागणी नातेवाईक दर सप्टेंबरला करतात.